सिग्नेची शिफारस

आमच्याकडे, डॅनिश रीतीप्रमाणे, रौप्यविवाहाच्या आदल्या संध्याकाळी नवराबायकोनं घरात गुपचूप बसायचं असतं. बाहेर शेजारीपाजारी दाराभोवती हिरव्या फांद्यांची कमान बांधत असतात, हातोडे चालतात, शिडी दोनदा खिडकीवर आपटते, आणि आतल्या दोघांनी आपल्याला काही म्हणजे काही ऐकू येत नाही असं दाखवायचं. पंचवीस वर्षं संसार केलेल्यांना हे फारसं जड जात नाही.

एस्बेन रावनकिल्डेला मात्र ते जड गेलं. पडद्याच्या फटीतून त्याला शिडीवर चढलेली आपली धाकटी बहीण दिसत होती. सिग्नेनं शिडीसुद्धा स्वतःच्या घरून आणली होती. खाली उभा असलेला शेजारी बेंट, जो जन्मात कुणाचं ऐकत नाही, तो ती सांगेल तशी फांदी मुकाट्यानं डावीकडे घेत होता, मग उजवीकडे घेत होता.

"बघ कशी हुकूम सोडतेय," लिस्बेट म्हणाली. तीही पडद्यामागेच होती. "लग्न आपलं, दार आपलं, आणि मुकादम ही."

"सोडू दे. हौस आहे तिला."

"कमानीची नाही, हुकमांची."

मुद्दा कमानीचा नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. विबोर्गला गोठ्यांचे मोठे पंखे बनवणारा एक कारखाना आहे. त्याला नवा संचालक हवा होता, आणि चाळत चाळत शेवटी जी दोन नावं उरली होती, त्यात एक सिग्नेचं होतं. एस्बेनचं नव्हतं.

एस्बेनला काम नसल्याला आता वर्ष होत आलं होतं. वडिलांचा दूधयंत्रांचा कारखाना जर्मनांनी विकत घेतला, चार वर्षं त्याला संचालक म्हणून ठेवला, मग एका सकाळी हस्तांदोलन केलं, वर्षाचा पगार दिला आणि वर प्रेबेन नावाचा एक सल्लागार दिला. मोठ्या पदावरच्या माणसाला काढलं की असा सल्लागार जोडून देतात. त्यानं म्हणे पुढची खुर्ची शोधायला शिकवायचं. प्रेबेननं शिकवलं. नोकरी शोधतोय असं म्हणायचं नाही, 'पुढचं पाऊल पडताळून पाहतोय' म्हणायचं. अर्ज करत सुटायचं नाही, कारण चांगल्या जागा छापून येतच नाहीत. लोकांना कॉफीला भेटायचं, आणि उठताना प्रत्येकाकडून आणखी दोन नावं घ्यायची. एस्बेन अख्ख्या युलंडभर कॉफी पीत फिरला. पित्त वाढलं, बाकी काही वाढलं नाही.

आणि फेब्रुवारीत तो फोन आला होता. आला होता तो त्यालाच. वीबेके ट्राने, आरहूसची, कंपन्यांना वरच्या जागांसाठी माणसं हुडकून देणारी बाई. गोड आवाजात म्हणाली, "विबोर्गला एक जागा आहे. तुमच्या ओळखीत कुणी सुचतंय का?" आता या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं की हे खडा टाकून पाहणं असतं. 'तुम्ही येता का' असं उघड कुणी विचारत नाही. एस्बेनच्या मनात उकळ्या फुटल्या. पण प्रेबेननं बजावून ठेवलं होतं की पहिल्या फोनला हो म्हणायचं नाही, भुकेलेले दिसलात की भाव उतरला. आपल्यापेक्षा जरा फिकं असं एखादं नाव द्या, समोरचा आपसूकच म्हणेल, छे हो, आमच्या डोळ्यांसमोर तुम्हीच आहात.

एस्बेननं भाव खाल्ला. म्हणाला, "मला सध्या घाई नाही. हवं तर माझ्या बहिणीशी बोलून बघा." आणि बाई 'छे हो' म्हणायची वाट पाहत राहिला.

बाई म्हणाली, "छान. नंबर देता?"

हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, लिस्बेटला तर नाहीच. तिला एवढंच माहीत होतं की त्या बाईनं तिच्या नवऱ्याला वगळून नणंदेला उचललं. फेब्रुवारीपासून ती त्या बाईला आणि नणंदेला आलटूनपालटून शिव्या घालत होती, आणि एस्बेन मान डोलावत होता.

"उद्या फोन येणार ना तिचा?" लिस्बेटनं विचारलं.

"म्हणाली तर आहे. कारखान्याच्या अध्यक्षांना दुपारपर्यंत कळवायचंय तिला."

"आपल्या रौप्यविवाहाच्या दिवशी."

"शुक्रवार आहे. त्यांना काय त्याचं."

फोन कशाचा, तर सिग्नेबद्दल विचारायचा. कुणाचीही नेमणूक करण्याआधी त्याच्या वरिष्ठाशी बोलायची रीत असते. सिग्नेच्या हल्लीच्या साहेबाला विचारायची सोय नव्हती, कारण हेर्निंगच्या त्या फर्निचर कारखान्यात ती दुसरीकडे बघतेय हे कुणाला कळता कामा नये. मग उरला कोण? त्याआधी बारा वर्षं ती वडिलांच्या कारखान्यात भावाच्या हाताखाली होती. तिनं एस्बेनला विचारलं, "माझ्यासाठी बोलशील?" तो म्हणाला, "म्हणजे काय, बोलणारच." दुसरं काय म्हणणार?

लिस्बेट पडदा सारखा करत म्हणाली, "वाईट काही बोलू नकोस हं. खोटं तर मुळीच नको."

"मी कशाला खोटं बोलू?"

"तेच म्हणतेय. खरं तेवढं सांग. तुझ्या हाताखाली होती, मेहनती आहे, दोन नंबरला तिच्यासारखं माणूस नाही. झालं."

एस्बेननं तिच्याकडे पाहिलं. वीस वर्षं त्यानं स्वतः माणसं नेमली होती. 'दोन नंबरला उत्तम' हे शब्द कानावर पडले की संचालक नेमणारे लोक त्या नावावर काट मारतात, हे त्याला जितकं पक्कं ठाऊक होतं, तितकंच ते आपल्या बायकोलाही ठाऊक आहे, हे त्याला त्या क्षणी कळलं.

"यात खोटं काय आहे?" ती म्हणाली. "होतीच ना ती दोन नंबरला?"

बाहेर सिग्ने ओरडली, "बेंट, आता सोड." कमान उभी राहिली होती.

सकाळी कर्णे वाजले. गावच्या वाद्यवृंदातले चौघे दाराशी, त्यांच्यामागे तीसेक शेजारी अंगणात, आणि सगळे मिळून पहाटगीत गाताहेत. लिस्बेट झोपेतून उठल्यासारखी झगा घालून बाहेर आली. केस मात्र व्यवस्थित बसवलेले होते, त्यामुळे बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. सासूनं तिच्या डोक्यावर चंदेरी माळ ठेवली, एस्बेनच्या कोटाला चंदेरी फुलाचा तुरा लावला. मग दार उघडं टाकलं गेलं आणि सगळे पाव, चीज आणि कडवट दारूच्या घोटासाठी आत घुसले.

सासूबाई राग्नहिल्ड पंचाहत्तरी उलटलेल्या, काठी असूनही काठी न टेकणाऱ्या. तुरा लावताना त्यांनी मुलाचा कोट हातात धरून ठेवला.

"आज फोन येणार आहे ना तुला?"

"तुला कुणी सांगितलं, आई?"

"सिग्नेनं. ती मला सगळं सांगते हल्ली."

हल्ली, हा शब्द एस्बेनला बोचला. आईला सगळं सांगणारा तो होता. आई रविवारी त्याच्याकडे जेवायची, त्याच्या गाडीतून फिरायची, सिग्नेबद्दलच्या कुरबुरी त्याच्याजवळ करायची. नोकरी गेल्यावर रविवार हळूहळू सिग्नेकडे सरकले.

"ऐक," राग्नहिल्ड म्हणाल्या. "तुझ्या वडिलांनी तुला खुर्ची दिली तेव्हा मी गप्प बसले. तू मोठा होतास, मुलगा होतास, मला वाटलं असंच असतं. पण कारखाना कोण चालवत होतं हे मला दिसत होतं. या खेपेला तिच्याबद्दल नीट बोल."

"मी नीटच बोलणार आहे."

"तू लहानपणी बिस्किटं चोरून खाऊन असाच चेहरा करायचास," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. आणि बसल्या कुठे, तर टेबलाच्या टोकाला सिग्नेजवळ. गेली कित्येक वर्षं त्या अशा वेळी लिस्बेटच्या उजव्या हाताला बसायच्या. लिस्बेटनं ते पाहिलं, कॉफीची किटली जरा जोरातच टेबलावर ठेवली.

"वहिनी, दे मी वाढते," सिग्ने उठली. "आज तू नवरी आहेस."

"बस तू. माझ्या घरात मला वाढता येतं."

"बरं बाई."

सिग्ने बसली. तिला वाईट वाटलं नाही असं नाही, पण सवयही होती. या घरातली प्रत्येक गोष्ट एकेकाळी तिच्या डोळ्यांत खुपली होती: हे टेबल, ही मोठी खिडकी, बाहेरची कंपनीची गाडी, वडील गेल्यावर भावाकडे गेलेलं त्यांचं घड्याळ. ती जेव्हा बंद पडलेल्या यंत्राशेजारी ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसायची, तेव्हा एस्बेन पाहुण्यांना जेवायला घेऊन गेलेला असायचा. वर्षानुवर्षं ती आतल्या आत जळली होती. पण गेल्या आठवड्यात आरहूसला तिला एक गोष्ट कळली होती, आणि तेव्हापासून भावावर जळणं तिला जमेनासं झालं होतं. आज ती बोलणार होती. काय बोलायचं ते तिनं गाडीत चारदा घोकलं होतं.

एस्बेनच्या खिशात फोन वाजला. टेबलापलीकडून सिग्नेनं त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच मूठ आवळून दाखवली. तो गॅरेजमध्ये गेला.

"समारंभात त्रास देतेय, माफ करा," वीबेके ट्राने म्हणाली. "दोनच मिनिटं. तुमच्या बहिणीबद्दल."

"बोला ना."

"बारा वर्षं तुमच्या हाताखाली होत्या. कशा होत्या?"

"कामाला वाघ," एस्बेन म्हणाला, आणि ते त्याच्या तोंडून सहज निघालं. "तिच्यावर सोपवलं की मी निवांत झोपायचो. माणसं तिच्यासाठी जीव टाकायची."

"आणि वर कुणी नसताना? सगळंच अंगावर आलं तर?"

त्याला तो हिवाळा आठवला. पंपांची अख्खी खेप परत आली होती, बँक दारात उभी, कामगार जेवणघरात जमलेले. एस्बेनची पाठ धरली होती. पाठ खरोखरच धरली होती का, हे त्यानं स्वतःला पुढे कधी विचारलं नाही. तो अंथरुणात पडून होता आणि जेवणघरात टेबलावर उभी राहून बोलली होती ती सिग्ने.

गॅरेजच्या खिडकीतून त्याला जेवणाची खोली दिसत होती. सिग्ने काहीतरी सांगत होती आणि आई हसत होती. आईचा हात सिग्नेच्या मनगटावर होता. असं हसताना त्यानं तिला वर्षभरात पाहिलं नव्हतं. माझं घर, माझा दिवस, माझी आई, आणि आता माझी खुर्चीसुद्धा.

"दोन नंबरला," तो म्हणाला, "तिच्यासारखं माणूस मी पाहिलं नाही."

"दोन नंबरला."

"हो. उत्तम. अगदी डोळे मिटून."

मग वीबेकेनं उसासा टाकला. "समजलं. खरं सांगू का, दुसरे गृहस्थ कालच मागे फिरले. तुमची बहीणच उरली होती. अध्यक्षांचं म्हणणं एवढंच होतं की आधी त्यांच्याबद्दल कुणी वरिष्ठ बोलू दे." जरा थांबून ती म्हणाली, "मग तुम्हाला फेब्रुवारीतला प्रश्न पुन्हा विचारते, या वेळी सरळ. तुम्हाला अजून घाई नाहीच का?"

जो प्रश्न ऐकायला तो वर्षभर झुरला होता, तो हा असा आला होता. एका शब्दानं सगळं मागे फिरवता आलं असतं. नाही हो, माझ्या बोलण्याचा अर्थ तसा नव्हता, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"बोलायला हरकत नाही," तो म्हणाला.

"सोमवारी कॉफीला?"

"सोमवारी जमेल."

फोन ठेवून वळला तर लिस्बेट गॅरेजमधल्या फ्रीजपाशी उभी होती, हातात सायीची बाटली. दार उघडं ठेवून ती किती वेळ तिथे होती, हे विचारायची गरज नव्हती.

"झालं?"

"झालं. मलाच विचारलं तिनं. सोमवारी."

लिस्बेटनं डोळे मिटले, उघडले. जवळ येऊन त्याच्या कोटावरचा वाकडा झालेला तुरा सरळ केला, आणि हात तिथेच ठेवला. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्या बाईनं तुला पहिल्यांदाच विचारायला हवं होतं." एस्बेननं तिचा हात दाबला. क्षणभर ती दोघं खरोखरच पंचवीस वर्षांपूर्वीच्यासारखी दिसली असतील, पण पाहायला कुणी नव्हतं.

आत गेले तर सिग्ने पेल्यावर चमचा वाजवत उभी राहिली होती.

"मला भाषण येत नाही, सगळ्यांना माहीतच आहे," ती म्हणाली. "म्हणून आधी खरं सांगून टाकते. आम्हा भावंडांचं जमत नाही असं गावात म्हणतात. बरोबर म्हणतात."

लोक हसले. बेंटनं दाद दिली, "अगदी बरोबर म्हणतात."

"वडिलांनी दादाला खुर्ची दिली त्या दिवसापासून मी त्याच्यावर जळतेय. त्याच्या गाडीवर जळले. त्याच्या खोलीवर जळले, कारण तिच्या खिडकीतून फ्योर्दचं पाणी दिसायचं आणि माझ्या खिडकीतून बेंटची डुकरं."

"चांगली होती डुकरं," बेंट म्हणाला.

"चांगली होती. वहिनीवरसुद्धा जळले, तिला आठवत असेल." लिस्बेटनं ओठांनी हसून दाखवलं. "पण गेल्या आठवड्यात मला काहीतरी कळलं. एक जागा आहे. कुठली ते सांगणार नाही, न जाणो, माझ्या साहेबाची मावशी इथे कोपऱ्यात बसलेली असायची." पुन्हा हशा. "ती जागा मला मिळेल असं दिसतंय. आणि मला झोप लागेना, कारण ती दादाला शोभणारी होती. मी त्या बाईंना स्पष्टच म्हटलं, माझ्या आधी माझ्या भावाला विचारायला हवं होतं. तर त्या म्हणाल्या, विचारलं की. पहिला फोन त्यांनाच केला होता. ते म्हणाले, मला घाई नाही, माझ्या बहिणीशी बोला."

किटली हातात घेऊन लिस्बेट जिथे होती तिथेच उभी राहिली.

"नोकरी गेलेली," सिग्नेचा आवाज जरा फाटला, "दिवसभर लोकांच्या दारात कॉफी पीत हिंडतोय. आणि एकच फोन आला, तो त्यानं मला देऊन टाकला. वर तोंडानं एक शब्द नाही. मला नाही, आईला नाही. वहिनी, तुला तरी सांगितलं होतं का गं? नसेल. तो तसाच आहे, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. दादा, मी तुझ्या जागी असते तर दिला नसता. इतकंच सांगायचं होतं."

तिनं पेला उचलला. सगळे उठले, आमच्या रीतीप्रमाणे तीनदा तीन असे नऊ जयघोष झाले, खिडकीच्या काचा थरथरल्या. राग्नहिल्ड काठी न टेकता उठल्या, टेबलाला वळसा घालून मुलापाशी आल्या आणि त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"आणि मी सकाळी तुला काय काय बोलले," त्या म्हणाल्या. "माफ कर रे मला."

वर्षभर ज्याच्यासाठी तो जळत होता ते सगळं त्याला एकदम मिळालं होतं. आईचे हात गार होते. त्याला ते झटकून टाकावेसे वाटत होते, आणि हालताही येत नव्हतं. "असू दे, आई," एवढंच तो म्हणाला.

"लाजतोय बघा," बेंट ओरडला आणि चमच्यानं ताटली वाजवायला लागला. मग सगळेच वाजवायला लागले. ताटल्या वाजल्या की जोडप्यानं खुर्च्यांवर चढून सगळ्यांदेखत मुका घ्यायचा, त्यातून सुटका नाही. कुणीतरी दोन खुर्च्या ओढल्या. कुणीतरी लिस्बेटच्या हातातली किटली काढून घेतली आणि तिला आधार देऊन वर चढवलं. एस्बेन चढला. तीस माणसांच्या डोक्यांवर ती दोघं समोरासमोर उभी राहिली, तिच्या केसांत चंदेरी माळ, त्याच्या कोटाला तुरा.

लिस्बेटनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तोंड कानाजवळ नेलं. खालून पाहणाऱ्यांना ते फार गोड दिसलं.

"तिचं नाव तूच दिलं होतंस?"

"हो."

"तिच्यासाठी?"

ताटल्यांचा गजर वाढला होता. आयुष्यात पहिल्यांदाच बायकोसमोर थाप मारायची त्याला ताकद राहिली नव्हती. "नाही," तो म्हणाला. "भाव खात होतो. मला वाटलं, ती छे हो म्हणेल."

लिस्बेटचा हात त्याच्या खांद्यावर तसाच राहिला, पण त्यातलं वजन गेलं. फेब्रुवारीपासून तिनं नणंदेला काय काय म्हटलं होतं, आणि काल पडद्यामागे उभं राहून नवऱ्याच्या तोंडात कोणते शब्द घातले होते, हे सगळं तिला त्या अवघड उंचीवर एकदम आठवलं असावं.

"मुका, मुका," बेंट ओरडत होता.

तिनं त्याच्या गालाला ओठ लावले. कोरडे होते.

"सोमवारच्या आत तिला कुणीतरी सांगायला हवं," ती त्याच्या कानात म्हणाली. "तू सांगतोस, की मी सांगू?"

एस्बेननं खाली पाहिलं. सिग्ने डोळे पुसत हसत होती, आणि सगळ्यांच्या ताटल्या थांबल्या तरी तिचा चमचा थांबला नव्हता.

"गालावरचा धरत नाही, दादा," ती म्हणाली. "पुन्हा एकदा."